नवा मासा घरी आणलात? चार आठवडे वेगळा ठेवा

डिसेंबरातल्या एका रविवारी मी कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातून सहा कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) घेऊन पुण्याला आले. पोचायला रात्र झाली. पिशवी अर्धा तास टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि मासे सरळ मोठ्या टँकमध्ये सोडले. त्या टँकमध्ये चार वर्षं सांभाळलेली एंजल फिशची जोडी होती.

पाचव्या दिवशी नराच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. दुकानातून निळं औषध आणलं, दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी ठिपके गायब झाले. मला वाटलं, बरा झाला, म्हणून औषध थांबवलं. पुढच्या आठवड्यात अख्ख्या टँकमधला एकही मासा ठिपक्यांशिवाय उरला नव्हता. दहा दिवसांत अकरा मासे गेले. जोडीतली मादी सगळ्यात शेवटी गेली.

ठिपके गेले म्हणजे आजार गेला, हा माझा समज त्या अकरा माशांना भोवला. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या पांढऱ्या ठिपक्याचं गणित समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या रोगाला आपण ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इच’ म्हणतो. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो. माशाच्या कातडीखाली बसून तो वाढतो, तेव्हा आपल्याला ठिपका दिसतो. पूर्ण वाढला की कातडी फोडून बाहेर पडतो, तळाला जाऊन चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात, कधी हजाराच्या आसपास. ही पिल्लं पोहत मासा शोधतात आणि दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषधाचा मारा फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर चालतो. कातडीखालच्या आणि कवचातल्या जिवाला औषध पोचतच नाही. म्हणजे माझ्या एंजलवरचे ठिपके गेले त्या दिवशी परजीवी तळाला बसून हजारपट होत होता, आणि नेमकं तेव्हाच मी औषध बंद केलं.

पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होतं. पाणी थंड असेल तर त्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणून नवे मासे किती दिवस वेगळे ठेवायचे हे माशाच्या तब्येतीवरून ठरवू नका. मासा टुणटुणीत दिसला तरी किमान चार आठवडे.

लागणारं सामान

- १८ × १२ × १२ इंचांचा साधा काचेचा टँक (काठोकाठ सुमारे ४२ लिटर) किंवा तेवढाच फूडग्रेड प्लास्टिकचा टब. वर झाकण किंवा जाळी हवीच, घाबरलेला मासा उडी मारतो
- स्पंज फिल्टर आणि एअर पंप. वीज जात असेल तर बॅटरीवर चालणारा पंपही
- ५० वॉटचा हीटर आणि वेगळा थर्मामीटर (हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका)
- लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे
- या टँकसाठी स्वतंत्र जाळी, बादली, सायफनचा पाइप आणि टॉवेल
- अमोनिया तपासायचं थेंबांचं टेस्ट किट
- अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं द्रावण)
- आयोडीन नसलेलं जाडं मीठ आणि ग्रॅम दाखवणारा वजनकाटा
- सुई नसलेली १० मिलीची सिरिंज
- टॉर्च
- एक वही

खाली वाळू किंवा दगड घालू नका. उघडा तळ केविलवाणा दिसतो हे मान्य, पण परजीवी कवच करतो तो तळालाच, आणि उघड्या तळावरून तो पाइपने रोज ओढून काढता येतो.

१. मासे आणायच्या महिनाभर आधी: स्पंज मुरवा

क्वारंटाइनमध्ये, म्हणजे या वेगळ्या टँकमध्ये, मासे मरतात ते बहुतेक वेळा अमोनियाने, आणि दोष परजीवींवर जातो. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या कोऱ्या स्पंजमध्ये हे जिवाणू नसतात. म्हणून क्वारंटाइनचा स्पंज तीन-चार आठवडे मोठ्या टँकमध्ये चालू ठेवा. मासे येणार त्या दिवशी तो उचलून छोट्या टँकमध्ये लावा.

तुमचा हा पहिलाच टँक असेल आणि घरात एकही मासा नसेल, तर तो टँकच तुमचा क्वारंटाइन आहे. पहिल्या खेपेचे मासे त्यातच महिनाभर बघा. वेगळ्या टँकची गरज दुसऱ्या खेपेपासून.

पाणी भरताना बादलीने मोजून भरा आणि किती लिटर मावलं ते टँकवर मार्करने लिहून ठेवा. टँक काठापर्यंत कुणी भरत नाही, त्यामुळे ४२ लिटरच्या टँकमध्ये प्रत्यक्षात ३५ ते ३८ लिटर पाणी असतं. औषधाचा डोस याच आकड्यावर काढायचा आहे.

२. दुकानात

अनेक दुकानांत सगळे टँक एकाच पाण्यावर चालतात. पाणी एका फिल्टरमधून सगळीकडे फिरतं. त्यामुळे तुम्हाला हवा तो मासा ज्या टँकमध्ये आहे तेवढाच बघून भागत नाही. शेजारच्या टँकमध्ये मेलेला मासा दिसला, कुणी काचेला अंग घासताना दिसला, तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. प्रवास वाया गेल्याचं वाईट वाटतं, पण घरचे मासे वाचतात.

‘हा माल कधी आला?’ हे अवश्य विचारा. आपल्याकडे मिळणारे कितीतरी मासे कोलकात्याच्या परिसरातून आणि चेन्नईच्या कोलातूरहून येतात. एक-दोन दिवस पिशवीत बंद राहून ते दुकानात पोचतात आणि तिथून लगेच पुन्हा तुमच्या पिशवीत. इतक्या ताणात कुठलाही आजार उसळी घेतो. आठवडाभर दुकानात टिकलेला मासा घ्या. दुकानदाराला विनंती केली, थोडे पैसे आगाऊ दिले, तर चांगले दुकानदार तो बाजूला ठेवतात. आणि त्याला समोर खायला घालायला सांगा. खात नसलेला मासा घेऊ नका.

३. पिशवीतून टँकमध्ये

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पिशवी बंद असते तोवर माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो, म्हणजे पाणी जास्त आम्लधर्मी होतं. उतरलेल्या पीएचमध्ये अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी घालत बसलात, तर तासभर मासा त्या विषात राहतो.

म्हणून मासे पाच-सहा तासांहून जास्त वेळ पिशवीत असतील तर: खोलीतला दिवा मंद करा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा आणि मासे जाळीने उचलून लगेच टँकमध्ये सोडा. दुकान जवळ असेल, वीस मिनिटांत घरी पोचत असाल, तर मात्र अर्धा तास थोडं थोडं पाणी घालून सवय करून द्यायला हरकत नाही. दोन्ही वेळा पिशवीतलं पाणी संडासात ओता. एक थेंबही टँकमध्ये नको.

त्या दिवशी खायला घालू नका.

४. पहिला आठवडा: बघत राहा

मासे आले की लगेच तीन-चार औषधं ओतायची सवय मी पुष्कळांत पाहिली आहे. दमलेल्या माशावर औषधाचा आणखी भार कशाला? पहिला आठवडा स्वच्छ पाणी, नियमित खाणं आणि शांतता, एवढंच द्या. हीटर २६-२७ अंशांवर स्थिर ठेवा (गोल्डफिशला हीटर नको). पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात रात्री घरातलं पाणीही पाच-सहा अंश उतरतं आणि इच बहुतेक तेव्हाच डोकं वर काढतो.

रोज अमोनिया तपासा. तो ०.२५ पीपीएमला (लिटरला ०.२५ मिलिग्रॅम) पोचला तर त्याच दिवशी एक तृतीयांश पाणी बदला. एरवी दर दोन दिवसांनी पाव टँक. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन आधी बादलीत घालून ढवळायचं, मग ते टँकमध्ये. पाइप तोंडाने ओढून सायफन सुरू करू नका. माशांमध्ये क्षयाच्या जातकुळीतले जिवाणू असतात, ते माणसाच्या कातडीतही गाठी करतात. हाताला जखम असेल तर हातमोजा घाला.

आणि रोज रात्री, दिवा बंद केल्यावर, दहा मिनिटं टॉर्च घेऊन बसा. वहीत तारीख टाकून लिहा: खाल्लं का, पर मिटलेले आहेत का, श्वास जलद आहे का, कशाला अंग घासतो का, विष्ठा कशी आहे. पांढरी, दोऱ्यासारखी लांब विष्ठा दिसली तर खूण करून ठेवा. चौथ्या दिवशी ‘परवा कसा होता?’ हे आठवत नाही, वहीत मिळतं.

आधी मोठ्या टँकचं काम करायचं, मग क्वारंटाइनचं. उलट कधीच नाही. मध्ये हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन कोरडे करा. दोन टँक शेजारी असतील तर एअर पंपाच्या बुडबुड्यांचे तुषारही पलीकडे उडतात. क्वारंटाइन शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवा.

५. दुसरा आणि तिसरा आठवडा: न दिसणाऱ्या कृमींसाठी

कल्ल्यांवरचे आणि कातडीवरचे फ्लूक (बारीक चपटे कृमी) नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुकानातल्या माशांत ते इतके सर्रास असतात की, मासे नीट खायला लागले असतील तर मी लक्षणांची वाट न बघता हे एकच औषध देते: प्राझिक्वांटेल. मासे ते चांगलं सोसतात आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही त्याचा त्रास होत नाही.

मात्रा लिटरला २.५ मिलिग्रॅम. ३६ लिटरला ९० मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणारी माणसांची गोळी ६०० मिलिग्रॅमची असते, तिचा सहावा-सातवा भाग सुरीने काढता येत नाही. म्हणून गोळी कुटून बारीक पूड करा आणि एका बाटलीत ६० मिली पाण्यात घाला. म्हणजे दर मिलीत १० मिलिग्रॅम झाले. हे औषध पाण्यात सहज विरघळत नाही, तळाला बसतं. जोरात हलवा आणि लगेच सिरिंजने ९ मिली ओढून टँकमध्ये घाला. पुढच्या डोससाठी नवी गोळी कुटा, उरलेलं ठेवू नका. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत बहुधा दोन-तीन औषधं एकत्र असतात, ती वापरू नका.

कोळसा असलेला फिल्टर असेल तर कोळसा काढा, तो औषध शोषून घेतो. हवा वाढवा. पाच-सहा दिवसांनी निम्मं पाणी बदलून दुसरा डोस द्या. कल्ल्यांवरचे फ्लूक अंडी घालतात आणि अंड्यांवर औषध चालत नाही. दुसरा डोस आहे तो अंड्यांतून बाहेर आलेल्यांसाठी. तो चुकवलात तर पहिला वाया गेला असं समजा. गोल्डफिशला मी तिसराही देते.

गोळी डॉक्टरांच्या किंवा पशुवैद्यांच्या सल्ल्याने घ्या, आणि गोळ्यांच्या पाकिटावर ‘माशांचं औषध’ असं ठळक लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

६. आजार दिसलाच तर

*पांढरे ठिपके.* तापमान दर सहा-आठ तासांना एक अंश असं चढवत ३० अंशांवर न्या. बहुतेक उष्णकटिबंधीय मासे हे सोसतात, आणि या तापमानाला परजीवीला वाढता येत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून पंप पूर्ण जोरात ठेवा. त्याच्या जोडीला मीठ, लिटरला २ ग्रॅम. ३६ लिटरला ७२ ग्रॅम, तीन भाग करून दीड दिवसात, प्रत्येक वेळी वाटीभर पाण्यात विरघळवून. कोरी आणि लोचला (तळाशी राहणारे लांबट मासे) मी १ ग्रॅमच्या पुढे जात नाही. पाणी बदललं की जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ घाला. वाफेने पाणी कमी झालं असेल तर साधं पाणी भरा, कारण मीठ उडून जात नाही. इथे चुकून मीठ दुप्पट झालेली उदाहरणं मला ठाऊक आहेत.

रोज तळ पाइपने ओढा. तुम्ही कवचं बाहेर काढत असता.

शेवटचा ठिपका दिसेनासा झाला त्या दिवसापासून पूर्ण १४ दिवस ही उष्णता तशीच ठेवा. गोल्डफिशला ३० अंश झेपत नाहीत. त्यांना मीठ ३ ग्रॅमपर्यंत आणि जास्त दिवस. मीठ-उष्णतेने चार-पाच दिवसांत उतार पडला नाही तर मॅलाकाइट ग्रीन असलेलं तयार औषध, बाटलीवरच्या मात्रेने, हातमोजे घालून. कोरी-लोचसारख्या खवले नसलेल्या माशांना निम्मी मात्रा. मेथिलिन ब्लू फिल्टरचे जिवाणू मारतं आणि सिलिकॉन कायमचं निळं करतं, तेवढं लक्षात ठेवून वापरा. फॉर्मालिनच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये.

*सोनेरी भुकटी.* टॉर्च तिरपा धरल्यावर अंगावर सोनेरी-पिवळसर धूळ चमकते, मासा जोरात श्वास घेतो. हा वेल्वेट, इचपेक्षा लवकर मारतो. या परजीवीला हरितद्रव्य असतं, म्हणून टँक काळ्या कापडाने झाका आणि तांबं असलेलं औषध बाटलीवरच्या मात्रेने द्या. ज्या टँकमध्ये गोगलगायी किंवा झिंगे आहेत किंवा पुढे ठेवायचे आहेत तिथे तांबं कधीही नाही.

*गुदद्वारातून डोकावणारे लाल धागे.* गप्पी, मॉलीमध्ये हे वारंवार दिसतं. मासा हलला की धागे आत जातात, थांबला की बाहेर येतात. हे कॅमालानस जंत, आणि यांच्यावर प्राझिक्वांटेलचा उपयोग नाही. लेव्हामिसोल लागतं, लिटरला २ मिलिग्रॅम, दिवा बंद ठेवून २४ तास. हे औषध जंत मारत नाही, लुळे करतं, आणि मासा ते बाहेर टाकतो. म्हणून २४ तासांनी तळ कसून ओढणं आणि निम्मं पाणी बदलणं हा उपचाराचाच भाग आहे, नाहीतर मासे तेच जंत परत खातात. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा.

*अंगातून लोंबणारी काडी.* गोल्डफिश आणि कोई मातीच्या तळ्यात वाढवलेले असतात, त्यांच्यासोबत अँकर वर्म येतो. ओल्या टॉवेलात मासा धरा, चिमट्याने अगदी बुडाशी पकडून सावकाश ओढा आणि जखमेला कापसाने पोव्हिडोन आयोडीन लावा, कल्ल्यांपासून दूर. दिसतात त्या फक्त पूर्ण वाढलेल्या माद्या. पिल्लं पाण्यात आहेतच. त्यांच्यासाठी डायफ्लुबेंझुरॉन असलेलं औषध शोधा, आणि तीन-चार आठवडे नव्या काड्या निघतात का ते बघत राहा.

अंदाजाने माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल घालू नका. परजीवीला त्याने काहीच होत नाही, जिवाणू मात्र निर्ढावतात.

७. मोजणी पुन्हा एकपासून

२५व्या दिवशी ठिपका दिसला तर? उपचार पूर्ण करा आणि लक्षणं गेली त्या दिवसापासून पुन्हा चार आठवडे मोजा. हे जिवावर येतं, मला माहीत आहे. घरातली माणसंही विचारायला लागतात. पण माझा अनुभव असा की याच टप्प्यावर ‘आता काय होतंय’ म्हणून मासे सोडले जातात. मध्येच नवा मासा क्वारंटाइनमध्ये घातला तरीही मोजणी सगळ्यांची नव्याने सुरू.

शेवटच्या आठवड्यात औषध, मीठ काहीच नको. पाणी बदलत बदलत तापमान आणि पाणी मोठ्या टँकसारखं करा. एका चांगल्या, पण ज्याच्यावाचून अडणार नाही अशा माशाला मोठ्या टँकमधून इकडे आणून आठवडाभर नव्यांसोबत ठेवायची पद्धत काही जण पाळतात, म्हणजे लपलेला आजार त्याच्यावर दिसतो. पद्धत परिणामकारक आहे. माझ्या मनाला मात्र ती पटत नाही, मी त्याऐवजी दोन आठवडे जास्त थांबते.

मासे हलवताना जाळीनेच हलवा, क्वारंटाइनचं पाणी मोठ्या टँकमध्ये जाऊ देऊ नका. मग टँक रिकामा करून पोटॅशियम परमँगनेटच्या गडद गुलाबी पाण्याने जाळी-पाइपसकट धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. वाळणं हे सगळ्यात स्वस्त जंतुनाशक आहे. स्पंजही धुऊन वाळवायचा आणि पुढच्या वेळी नव्याने मुरवायचा.

८. माशांशिवाय आत येणारे

झाडांवर आणि गोगलगायींच्या शंखावर परजीवीची कवचं चिकटून येऊ शकतात. ती झाडं आणि गोगलगायी मासे नसलेल्या बादलीत, उजेडात, दोन आठवडे ठेवा. आपल्याकडच्या तापमानाला एवढ्यात पिल्लं बाहेर पडतात आणि मासा न मिळाल्याने मरतात.

माशांना खायला घालायचे जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) मी पूर्ण बंद केले आहेत. ते बहुतेक गटाराच्या आणि सांडपाण्याच्या गाळातून गोळा केलेले असतात. क्वारंटाइनमधल्या अडून बसलेल्या माशाला खायला लावायचं असेल तर घरी उबवलेली आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक झिंग्यासारख्या जिवाची) पिल्लं द्या, बहुतेक मासे त्यांना नाही म्हणत नाहीत.

उपचारांचं पाणी संडासात जाऊ द्या. मिठाचं पाणी कुंड्यांना घालू नका. आणि नकोसा झालेला मासा, आजारी असो की धडधाकट, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. सकरमाऊथ कॅटफिश आज देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत पसरला आहे, तो असाच शोभेच्या टँकमधून तिथे पोचला. दुकानदार बहुधा मासा परत घेतात, त्यांना विचारा.